क. लो. अ.

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन ठिकाणी भाजणी सुरू होते. एक स्वयंपाकघरात, चकल्यांची. आणि दुसरी माझी, संपादकांच्या हातून. "लेख कधी?" एवढे दोनच शब्द त्यांच्याकडून येतात. पूर्वी ते पोस्टकार्डावर येत, मग फोनवर येऊ लागले, आता मोबाइलच्या पडद्यावर येतात. प्रश्न तोच आहे, फक्त यायचा वेग वाढला आहे.

यंदा मात्र मी तयारीत होतो. संपादकांचा निरोप आला की मी मोबाइलवर फक्त 'लेउ' ही दोन अक्षरे उमटवायची आणि यंत्राने त्यांच्या जागी आपण होऊन लिहायचे, "लेख तयार आहे, एकदा नजर फिरवून उद्या नक्की पाठवतो." असा बंदोबस्त मी जुलैतच करून ठेवला होता. चार वेळा हे अस्त्र बिनचूक चालले. पाचव्या वेळी संपादकांकडून तत्काळ उत्तर आले, "हा 'उद्या' कोणत्या महिन्यातला, तेही कळवावे." इतक्या चपळाईने आलेले उत्तर पाहून मला शंका आली आणि मी चौकशी केली. माझा अंदाज खरा ठरला. त्यांनीही दोन अक्षरांचा बंदोबस्त केला होता, आणि तो केवळ माझ्यासाठी नव्हे, सगळ्याच लेखकांसाठी होता!

तर वाचकहो, यंदाचा विषय असा आपण होऊनच हातात आला. वारंवार लिहावी लागणारी वाक्ये दोन-तीन अक्षरांच्या खुणेत कशी बांधून ठेवावीत, आणि कोणती मुळीच बांधू नयेत, याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी हिशेब पाहू. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हे वाक्य आपण वर्षातून किती वेळा लिहितो ते ज्याचे त्याने मोजावे. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ते लिहायला, मधल्या दोन मोकळ्या जागा धरून, एकोणतीस कळा दाबाव्या लागतात. शिवाय ढ, श, भ आणि छ यांच्यासाठी चार वेळा शिफ्टची कळ दाबून धरावी लागते ती निराळीच. याच वाक्याला 'वाशु' अशी खूण दिली तर चार कळांत आणि एका मोकळ्या जागेत काम आटोपते. प्रत्येक वाढदिवसामागे चोवीस कळांची बचत! सोसायटीच्या गटात दोनशे माणसे असली तर वर्षाला चार हजार आठशे कळा वाचल्या. त्या वाचलेल्या कळांचे करायचे काय, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी विचारला होता. मी तो ऐकू न आल्यासारखे केले.

हे खूळ परदेशातून आले असे कोणी समजू नये. यात आपण मराठी माणसे जुनी मुरब्बी आहोत. पेशवाईतली पत्रे पाहा. 'राजमान्य राजश्री' हे दर पत्रात लिहिता लिहिता कारकुनांचे हात भरून येत असणार, त्याचे 'रा. रा.' झाले. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' याचे 'सा. न. वि. वि.' झाले. धाकट्यांना 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. आणि शेवटी 'क. लो. अ.', म्हणजे कळावे, लोभ असावा. मोडी लिपीचा सारा जन्मच हात न उचलता भराभर लिहिण्यासाठी झालेला. परंपरेने तिचे श्रेय यादवांच्या हेमाडपंतांना दिले जाते. फरक एवढाच, की जुन्या काळी खूण लिहिणाऱ्याने लिहायची आणि तिचा विस्तार वाचणाऱ्याने मनात करायचा. आता विस्तार यंत्र करते आणि वाचणाऱ्याला पुरे वाक्य मिळते. ते दोन अक्षरांत उमटले की सबंध लिहिले, याचा त्याला पत्ता लागत नाही. ही सोय आहे खरी. पण गोम इथेच आहे. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आपल्या तार खात्याने तर नेमकी हीच युक्ती कितीतरी वर्षे चालवली. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. दिवाळीच्या शुभेच्छा क्रमांक १. दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छा क्रमांक ८. आपण फॉर्मावर नुसता आकडा लिहायचा, तारेतून आकडाच जायचा, आणि पलीकडच्या कचेरीत त्याचे वाक्य होऊन पाकिटातून घरी यायचे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली आणि हे आकडेही गेले.

माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे लग्न १९७४ साली झाले तेव्हा अकरा तारा आल्या होत्या. त्यांतल्या दहा आठ नंबरच्या होत्या. मांडवात एकाने त्या मोठ्याने वाचायला घेतल्या. तिसऱ्या तारेनंतर तो नुसते "पुन्हा आठ" म्हणू लागला. अकरावी तार वहिनींच्या मामांची होती. नवरीला बोहल्यावर आणायचे काम मामाचे, आणि नेमका मामाच कोकणातून आलेला नव्हता. त्यांची तार अशी होती: "गाय व्यायली. येणे अशक्य. पोरीस जपा." सहाच शब्द! पैसे मोजून लिहिलेले. मांडवात हशा झाला. वहिनी मात्र हसल्या नाहीत. दहा तारा चार दिवसांत हरवल्या. ही अकरावी त्यांच्या ट्रंकेत अजून आहे.

असो. आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, कारण "नुसत्या गप्पा मारता, करायचे कसे ते सांगत नाही" अशी तक्रार या सदराबद्दल नेहमी येते.

अँड्रॉइडच्या मोबाइलवर बहुधा गूगलचा जीबोर्ड हा कळफलक असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'डिक्शनरी' आणि तिच्या आत 'पर्सनल डिक्शनरी' सापडते. आपली भाषा निवडून अधिक चिन्हावर बोट ठेवले की दोन रिकाम्या ओळी येतात. एकीत पुरे वाक्य लिहायचे, दुसरीत खूण. पुढे कुठेही ती खूण लिहिली, की कळफलकाच्या वरच्या पट्टीत पुरे वाक्य दिसू लागते; त्यावर बोट टेकले की काम झाले. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड असे एकेक दार उघडत गेले की 'टेक्स्ट रिप्लेसमेंट' येते. तिथेही वाक्य आणि खूण यांची जोडी लावायची. तो फोन जरा उतावळा. खूण लिहून मोकळी जागा सोडली की आपण होऊन वाक्य घालतो. इतर मोबाइलवर दारांची नावे थोडी बदलतील, पण वाडा तोच.

संगणकावर वर्डमध्ये लिहिणाऱ्यांनी फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग या वाटेने जाऊन 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' उघडावे. मुळात ही सोय हातून घडणाऱ्या चुका दुरुस्त करण्यासाठी आहे. इंग्रजी 'द' लिहिताना अक्षरांची अदलाबदल झाली तर ती गुपचूप सरळ करते ती हीच. पण तिला चुकीच्या जागी आपली खूण आणि बरोबरच्या जागी आपले वाक्य दिले, तर ती तक्रार न करता तेही करते. फुकटच्या लिबर ऑफिसमध्ये 'ऑटोटेक्स्ट' आहे. खूण लिहायची आणि एफ-३ ही कळ दाबायची. आणि ज्यांना विंडोजच्या संगणकावर सगळीकडेच, म्हणजे पत्रात, तक्त्यात, टपालात, हीच सोय हवी असेल त्यांच्यासाठी ऑटोहॉटकी नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम २००३ पासून आहे. त्याच्या वहीत दोन अपूर्णविराम, मग खूण, पुन्हा दोन अपूर्णविराम आणि मग वाक्य, एवढी ओळ लिहिली की झाले. दुकानदारांनी व्हॉट्सअॅपची धंद्याची आवृत्ती वापरावी. तिच्यात तिरकी रेघ मारून खूण लिहिली की ठरलेले उत्तर पुढे येते. आमच्या वाण्याने 'माल संपला आहे, सोमवारी येईल' हे असेच बांधून ठेवले आहे. सोमवारीही तो हेच उत्तर पाठवतो.

खूण कशी निवडावी, यात मात्र खरी अक्कल लागते. पहिला नियम असा, की जो शब्द एरवी भाषेत आहे तो खूण म्हणून कधीही घेऊ नये. हा नियम मी ठेच लागून शिकलो. 'काळजी करू नका, काही लागल्यास कळवा' या वाक्याला मी मोठ्या हौसेने 'काका' अशी खूण दिली होती. महिन्याभराने माझ्या एक्क्याण्णव वर्षांच्या काकांना पत्र लिहिले. ते त्यांच्याकडे पोचले ते असे: "तीर्थरूप काळजी करू नका, काही लागल्यास कळवा यांस सा. न. वि. वि." काकांचा संध्याकाळी फोन आला. "मला काही लागत नाही रे," ते म्हणाले, "पण तुला नक्की काय झालंय?"

तेव्हा खूण अशी असावी जिला स्वतःचा काही अर्थ नाही. तरीही भीती वाटत असेल तर पहिले अक्षर दोनदा लिहावे, किंवा खुणेच्या आधी अर्धविराम द्यावा. दुसरा नियम, सुरुवातीला पाच-सहाच खुणा कराव्यात. एका दमात साठ केल्या तर खूण आठवायला लागणारा वेळ वाक्य लिहिण्याच्या वेळेहून जास्त होतो. घराचा पत्ता, पिनकोड, गाडीचा नंबर, गॅसचा ग्राहक क्रमांक, 'मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करतो', अशी कामाची बिऱ्हाडे आधी वसवावीत. तिसरा नियम, बँकेचे परवलीचे शब्द आणि पिन यांना खुणा कधीही देऊ नयेत. आपला फोन ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमची तिजोरी! आणि चौथा नियम, वाक्य उमटल्यावर ते पाठवण्याआधी एकदा वाचावे. यंत्राला खूण कळते, माणूस कळत नाही.

या चौथ्या नियमापाशी थोडे थांबतो, कारण गोम म्हणालो ती हीच.

माझ्या यादीत 'भाश्र' अशी एक खूण होती. आमच्या वयाला ती वाढदिवसाच्या खालोखाल लागते. एका सकाळी बसची वाट पाहत उभा असताना जुन्या मित्राची पत्नी गेल्याचे गटात वाचले. या माउलीच्या हातचे मी किती वेळा जेवलो असेन त्याला गणती नाही. बस येताना दिसली. मी 'भाश्र' केले, वर बोट टेकले, 'भावपूर्ण श्रद्धांजली' उमटली, पाठवली, आणि बस पकडली. सगळे मिळून तीन सेकंद लागले असतील. दुपारी मित्राचे उत्तर आले, "आमच्या दुःखात सहभागी झाल्याबद्दल आभारी आहोत." आमच्या! आहोत! चाळीस वर्षे मला 'गाढवा' म्हणून हाक मारणारा मित्र मला 'आहोत' म्हणत होता. त्यानेही दोनशे जणांना तेच पाठवले असणार. त्या दोनशेंत मी एक होतो, आणि तसा मी माझ्याच हाताने झालो होतो. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आम्ही दोघे बराच वेळ काही न बोलता बसलो. घरी परतल्यावर 'भाश्र' यादीतून काढून टाकली. यंत्राने विचारले, "नक्की काढायची?" मी होय म्हटले.

त्यानंतर कित्येक दिवस मला या सगळ्या खुणांचाच तिटकारा आला होता. त्या तिटकाऱ्यावर लेख लिहिला असता तर तो लवकर झाला असता आणि संपादकही खूश झाले असते. पण मध्येच दादाचे दुखणे आले, आणि माझे मत मला बदलावे लागले.

दादा जन्मभर टंकलेखक. सरकारी कचेरीत रेमिंग्टनवर सुरुवात केली, मग गोदरेजवर आला, आणि २००६ साली निवृत्त झाला तेव्हा समोर संगणक होता. मराठी चाळीसची परीक्षा त्याने उमेदवारीतच दिली होती. 'संदर्भाधीन पत्रान्वये आपणांस कळविण्यात येते की' हे वाक्य त्याची बोटे त्याला न विचारता लिहीत. खुणेविनाच त्याच्या बोटांत ती सोय होती. जुलै २०२३ मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणे अस्पष्ट झाले. डॉक्टर म्हणाले, "शब्द डोक्यात शाबूत आहेत. जीभ साथ देत नाही, एवढंच." एवढेच!

माझी पुतणी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. रजा काढून ती आली आणि तिने दोन दिवस खपून बाबांसाठी पाटीएवढा एक टॅबलेट तयार केला. डाव्या हाताच्या एका बोटाने एक-दोन अक्षरे लिहायची की पुरे वाक्य उमटणार, आणि बटण दाबले की यंत्र ते मोठ्याने वाचूनही दाखवणार. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ साली शस्त्रक्रियेत गेला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या वॉल्ट वॉल्टोझ यांच्या प्रोग्रॅमने त्यांना पडद्यावरचे शब्द निवडून बोलता येऊ लागले. हातातली एक कळ दाबून ते मिनिटाला पंधरा शब्दांपर्यंत बोलत. पुढे हातही थकला तेव्हा गालाच्या हालचालीवर काम चालवले. हे सगळे पुतणीने बाबांना समजावून सांगितले. तिची यादी चाळीस वाक्यांची होती. 'पा' म्हणजे 'मला पाणी हवे आहे'. 'पं' म्हणजे 'कृपया पंखा लावा'. 'दु' म्हणजे 'मला दुखत आहे'. 'ध' म्हणजे 'धन्यवाद'.

दादाने ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि टॅबलेट पालथा घातला. आठ दिवस त्याला हात लावला नाही. पुतणी हिरमुसून पुण्याला गेली. मी समजूत घालायला गेलो तर त्याने भिंतीकडे तोंड केले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, राहू द्या. त्यांचं काहीतरी चुकतंय असं नाही, आपलं चुकतंय."

नवव्या दिवशी सकाळी दादाने टॅबलेट सरळ केला. पन्नास वर्षे ज्याची दहा बोटे कळफलकाकडे न बघता धावली, तो माणूस आता एका बोटाने 'ह' कुठे आहे ते शोधत होता. आम्ही पाहत बसलो. मध्ये वहिनींनी "हे म्हणायचंय का?" असे विचारले, मी "ते म्हणायचंय का?" असे विचारले, त्याने डाव्या हाताने आम्हा दोघांना गप्प केले. पंधरा मिनिटांनी वाक्ये पुरी झाली. "ही वाक्ये रुग्णाची आहेत. मी टंकलेखक आहे. मसुदा दुरुस्तीसाठी परत."

त्या दिवसापासून यादी नव्याने सुरू झाली. वाक्ये दादा लिही, खुणाही तोच ठरवी, आणि पुतणी पुण्याहून फोनवर त्या कशा बसवायच्या ते मला सांगे. पहिल्या यादीतले पाण्याचे वाक्य राहिले, पण कापून. 'मला पाणी हवे आहे' यातले तीन शब्द त्याने अनावश्यक मजकूर म्हणून गाळले; उरले 'पाणी.' 'कृपया' सगळीकडून गेले. मग नवी भर पडली. 'चसा' म्हणजे 'चहात साखर घाल, डॉक्टर इथे नाहीत.' 'ठीआ' म्हणजे 'मी ठीक आहे. हळू बोला, कान शाबूत आहेत.' बोलता न येणाऱ्या माणसाशी लोक ओरडून का बोलतात, हे मला आजवर उमगलेले नाही. पण ही खूण दिवसातून पाच वेळा लागे. माझ्यासाठी खास 'लेवा' होती: 'तुझा लेख वाचला. शेवट दुसऱ्या परिच्छेदातच कळला.' ही त्याने माझा लेख छापून येण्याआधीच बांधून ठेवली होती.

सगळ्यांत जास्त वापरली गेली ती 'घाना'. तिचे वाक्य असे, 'घाई नाही. मला वाक्य पूर्ण करू द्या.' भेटायला येणारा प्रत्येक जण दादाचे वाक्य आपल्या पदरचे शब्द घालून पुरे करी, आणि ते चांगल्या मनानेच करी. दादाने 'घाना' केले की यंत्र ते ठणकावून वाचे, पाहुणा चपापे, आणि मग दादा शांतपणे आपले वाक्य लिहायला घेई. दोन अक्षरांच्या एका खुणेने त्याला बाकीची सगळी वाक्ये सावकाश लिहायची मुभा मिळवून दिली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वेळ वाचवणे वाईट नाही. पण वाचलेला वेळ कुठे जातो ते पाहावे. बसस्टॉपवर मी वाचवलेले सेकंद बसबरोबर गेले. दादाचे सेकंद त्याच्या पुढच्या वाक्याकडे जात होते.

एक खूण मात्र वादाची झाली. पुतणीच्या यादीतले 'छाद', म्हणजे 'छातीत दुखते आहे, डॉक्टरांना बोलवा', दादाने ठेवले होते. २०२३ च्या दिवाळीत एका रात्री ते वाजले. धावपळ झाली, डॉक्टर आले, हृदयाचा आलेख काढला. आलेख ठीक होता. चकल्या जास्त झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दादाने, शरमून असेल किंवा खोडीने असेल, वाक्यात दुरुस्ती केली: 'छातीत दुखते आहे. चकली खाल्लेली नाही. डॉक्टरांना बोलवा.' वहिनींनी ते वाचले, चष्मा लावला आणि स्वतःच्या बोटाने मधले वाक्य पुसले. "चकली खाल्ली असली तरी बोलावणार आहे," त्या म्हणाल्या. "हे वाक्य तुमचं नाही, माझं आहे." दादाने मान डोलावली. वाचकहो, आपल्याही घरात कोणी वडीलधारे एकटे असतील तर त्यांच्या फोनवर अशी एक खूण जरूर करून द्या, घराच्या पत्त्यासह. आणि ती त्यांना दोन-चार वेळा करून पाहायला लावा. त्या वाक्यात मात्र विनोद नको.

आता शेवटची गोष्ट सांगतो.

२०२४ चा पाडवा. आम्ही सगळे दादाकडे फराळाला जमलो होतो. यादीत एव्हाना सव्वाशे खुणा होत्या. टॅबलेटवरची यादी चाळता चाळता पुतणीच्या लक्षात आले, की तीत शेजाऱ्यांच्या मुलाला खूण होती, दूधवाल्याला होती, मला तर दोन होत्या. पण वहिनींच्या नावाला खूण नव्हती. नाव चांगले पाच अक्षरांचे, त्यात दोन जोडाक्षरे. "बाबा, आईचंच नाव कसं राहिलं? दिवसातून वीस वेळा लिहिता. लावून देऊ?" तिने विचारले. दादाने नकाराची मान हलवली. 'घाना' केले. यंत्राने आम्हा सगळ्यांना ठणकावले, की घाई नाही.

वहिनींनी ओवाळले. दरवर्षी दादा तबकात पाकीट ठेवी. यंदा त्याने पाकीट ठेवले आणि टॅबलेट मांडीवर घेऊन लिहायला लागला. निरांजनातली वात एकदा पुढे सारावी लागली. लाडू हातात धरून आम्ही बसून होतो. या वेळी कोणीही त्याचे वाक्य पुरे केले नाही. दहा-बारा मिनिटांनी त्याने टॅबलेट वहिनींकडे वळवला. वाचून दाखवायचे बटण त्याने दाबले नाही. वहिनींच्या खांद्यावरून मला दिसले ते एवढेच. आधी त्यांचे नाव, पाचही अक्षरे, दोन्ही जोडाक्षरांसह. मग, "मामांची तार आठवते. पोरीस जपले का?"

वहिनी बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मग तबक उचलून आत निघाल्या, आणि दारातून म्हणाल्या, "चहात साखर घालणार नाही म्हणजे नाही." चहा आला तेव्हा दादाने एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. साखर होती.

तेव्हा वाचकहो, खुणा जरूर करा. पत्ता, पिनकोड, सोमवारी येणारा माल आणि संपादकांचा 'उद्या' यांच्यासाठी त्या हव्यातच. पण या दिवाळीत निदान एका माणसाला एक वाक्य कळ कळ दाबून, शोधत, चुकत, सबंध लिहून पाठवा. कोणाला ते तुमचे तुम्हाला ठाऊक असेलच.

मीही या लेखाच्या शेवटी 'क. लो. अ.' लिहून उठणार होतो. तशी खूणही यादीत आहे. पण दादा हा लेख वाचणार, आणि 'लेवा' तयार ठेवून बसला असणार. तेव्हा पुरे लिहितो. पूर्णविराम धरून मोजून सतरा कळा आहेत, फार नाहीत.

कळावे, लोभ असावा.